नाममुद्रा आणि 'मी' : मराठी व मेक्सिकन कवी-गायकांच्या गीतरचनेचा तौलनिक विचार

१

स्वतः रचावे, स्वतः चाल लावावी आणि स्वतःच लोकांपुढे उभे राहून गावे, अशा तिहेरी भूमिकेत वावरणाऱ्या रचनाकाराला मराठी समीक्षेत अद्याप स्थिर संज्ञा नाही. 'शाहीर' ही संज्ञा पोवाड्या-लावणीच्या परंपरेशी निगडित आहे. 'संतकवी' म्हटले की गायनाचे अंग गौण होते. 'गीतकार' म्हटले की चित्रपट व आकाशवाणी यांसाठी शब्द पुरविणारा, परंतु स्वतः न गाणारा लेखक डोळ्यांसमोर येतो. प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'कवी-गायक' हा शब्द योजिला आहे.

संज्ञेच्या या अभावामागे विचाराचाही अभाव आहे. कवी-गायकाची रचना छापील पानावर आली की वाङ्मयाचा अभ्यासक तिच्यातील आशय पाहतो व पुष्कळदा तीस प्रचारपर ठरवून बाजूस सारतो. संगीताचा अभ्यासक तिची चाल पाहतो व ती उसनी असल्याचे नमूद करून थांबतो. गाणाऱ्याच्या तोंडी ती रचना भाषिक कृती म्हणून कोणते कार्य करते, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहतो. या प्रश्नाचा एक लहानसा, परंतु निर्णायक भाग येथे विचारार्थ घेतला आहे. तो म्हणजे रचनेच्या अखेरीस येणारे कवीचे स्वतःचे नाव, अर्थात नाममुद्रा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे या विवेचनाचे मुख्य आधार असून, तुलनेसाठी मेक्सिकोतील लोकप्रिय गीतरचनेचा आधार घेतला आहे. मेक्सिकोची निवड सहेतुक आहे. कवी-गायकांची तेथील परंपरा आपल्याइतकीच समृद्ध आहे. पण रचनेत स्वतःचे नाव गुंफण्याची आपली रीत तिने सामान्यतः स्वीकारलेली नाही. एकीत जे आहे आणि दुसरीत जे नाही, त्यावरून नाममुद्रेचे कार्य अधिक स्पष्ट होते.

२

मराठीत नाममुद्रेचा इतिहास दीर्घ आहे. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'तुका म्हणे' ही रूपे सर्वपरिचित आहेत. एकनाथांनी 'एका जनार्दनी' या मुद्रेत स्वतःच्या नावास गुरूचे नाव जोडले. शाहिरी वाङ्मयातही हीच प्रथा दिसते. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अगिनदासाचा आणि तानाजीचा पोवाडा तुळशीदासाचा, हे आपल्याला त्या त्या रचनेत शाहिराचे नाव टिकले म्हणून ठाऊक आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा कर्तृत्वनिर्णयाचे त्यांच्या हाती असलेले प्रमुख साधनही रचनेतील नाव हेच होते. 'होनाजी बाळा' ही मुद्रा तर विशेष लक्षणीय होय. होनाजी शिलारखाने रचीत आणि बाळा कारंजकर गात. दोघांची नावे एकवटून एक मुद्रा झाली. रचणारा आणि गाणारा या दोघांचाही रचनेवर हक्क आहे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या आधाराविना या मुद्रेने मान्य केली होती.

व्याकरणाच्या दृष्टीने या मुद्रेत एक विलक्षण गोष्ट घडते. बोलणारा स्वतःविषयी तृतीयपुरुषात बोलतो. 'मी म्हणतो' असे न म्हणता 'तुका म्हणे' असे तो म्हणतो. यात केवळ विनय नाही. 'मी' हे सर्वनाम जो उच्चारील त्याचे होते. ते तोंडातोंडी फिरणाऱ्या रचनेत टिकून राहू शकत नाही. विशेषनाम मात्र कोणीही उच्चारिले तरी एकाच व्यक्तीकडे निर्देश करते. वारकरी दिंडीत शंभर मुखांतून 'तुका म्हणे' उमटते, तेव्हा त्या शंभरांपैकी कोणीही तुका होत नाही. प्रत्येक जण तुक्याच्या बोलण्याचा साक्षी होतो. मौखिक परंपरेत कर्तृत्व जतन करण्याचे याहून काटकसरीचे साधन कल्पिणे कठीण आहे.

'म्हणे' या क्रियापदाचा प्रवासही येथे ध्यानात घेतला पाहिजे. प्राचीन मराठीत ते वर्तमानकाळाचे रूप होते. आधुनिक प्रमाण मराठीत ते रूप रीतिभूतकाळाचे झाले आणि त्याशिवाय त्याला एक स्वतंत्र, अव्ययवजा उपयोग लाभला. 'तो काल आला म्हणे' या वाक्यात 'म्हणे' ऐकीव माहिती दर्शविते. बोलणारा विधानाची जबाबदारी अंगावर घेत नाही. म्हणजे एकच रूप बोलीत जबाबदारी टाळण्यासाठी येते आणि मुद्रेत जबाबदारी संपूर्णपणे स्वीकारण्यासाठी येते. विसाव्या शतकातील कवी-गायक ते रूप उचलतो, तेव्हा जिवंत बोलीतील वर्तमानकाळ तो वापरीत नसतो. परंपरेने गोठविलेले एक अधिकारचिन्ह तो वापरीत असतो.

३

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले माणिक बंडोजी पुढे तुकडोजी महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. 'तुकड्या' हे नाव त्यांना त्यांचे गुरू वरखेडचे आडकोजी महाराज यांच्याकडून मिळाले, असे परंपरा सांगते. म्हणजे येथे मुद्रा ही जन्मनामावरून आलेली नाही. 'तुका म्हणे' या मुद्रेच्या सावलीतच हे नाव घडले आहे. अक्षरगणनेने पाहता 'तुका म्हणे' यात चार अक्षरे भरतात आणि 'तुकड्या म्हणे' यात पाच. परंतु बोलण्यात 'क'मधील अकार लोपतो व 'तुक्‌ड्या' असा दोन अवयवांचा उच्चार होतो. त्यामुळे कानाला दोन्ही मुद्रा चार अवयवांच्याच भासतात, आणि जुन्या मुद्रेच्या जागी नवी सहज बसते. लिखित अक्षरे मोजणाऱ्याला जेथे फरक दिसेल, तेथे खंजिरीच्या ठेक्यावर ऐकणाऱ्याला सातत्य जाणवेल. गेय रचनेचा विचार उच्चारावरूनच झाला पाहिजे, याचे हे एक लहान परंतु स्पष्ट उदाहरण होय.

या नावाची दुसरी विशेषता विभक्तीच्या अंगाने दिसते. 'तुकड्या'चे सामान्यरूप 'तुकड्या' असेच राहते. 'तुकड्याचे', 'तुकड्याला', 'तुकड्या म्हणे' अशा सर्व स्थानी नावाचा आकार बदलत नाही. वृत्तात वा तालात नाव बसविताना कवी-गायकाला ही सोय फार उपकारक ठरते. हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत रचना करणाऱ्या कवीच्या दृष्टीने तर एका भाषेतून दुसरीत विनासायास जाणारे हे नाव मोठ्या उपयोगाचे होते. 'तुकड्यादास' हे त्याचे दुसरे रूपही दोन्ही भाषांना सारखेच मानवते.

तिसरी विशेषता सामाजिक आहे. मराठीत 'या'कारान्त पुरुषनाम जवळिकीचे वा कनिष्ठतेचे द्योतक असते. लोक ज्यांना 'तुकडोजी महाराज' म्हणत, ते स्वतःस 'तुकड्या' म्हणवीत. एकाच व्यक्तीच्या नावाची ही दोन रूपे भाषेच्या दोन पातळ्यांवर नांदली. आदर हा श्रोत्याने द्यावयाचा आणि लघुत्व हे गायकाने स्वीकारावयाचे, असा अलिखित करार त्यामागे आहे. १९३६ मध्ये सेवाग्रामात महात्मा गांधींच्या सान्निध्यात भजने गाणारे, १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगणारे आणि १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाणारे तुकडोजी महाराज प्रत्येक रचनेअखेर 'तुकड्या' होऊनच उभे राहतात. 'ग्रामगीते'च्या एकेचाळीस अध्यायांत ग्रामसफाईपासून सामुदायिक प्रार्थनेपर्यंत अनेक विषयांवर उपदेश आहे. तो उपदेश वरून खाली आल्यासारखा वाटत नाही, याचे श्रेय काही अंशी या लघुनामाला द्यावे लागते.

तथापि समीक्षकाने येथेच थांबता कामा नये. तुकडोजी महाराजांच्या विपुल भजनरचनेत मुद्रा सर्वत्र सारखी प्रभावी नाही. जेथे आधीच्या कडव्यांत उपदेशाची यादी पूर्ण झालेली असते, तेथे मुद्रा कागदाच्या तळाशी मारलेल्या शिक्क्याप्रमाणे येते. तिच्यामुळे अर्थात भर पडत नाही. जेथे गायक स्वतःला उपदेश्य श्रोत्यांच्या रांगेत बसवितो, तेथेच 'तुकड्या' हे नाव अर्थपूर्ण होते. या दोन प्रकारांतील भेद ओळखणे हे समीक्षेचे काम होय. सरसकट गौरव अथवा सरसकट उपेक्षा या दोहोंनीही ते टळते.

४

आता मेक्सिकोकडे वळता येईल. तेथील 'कोर्रिदो' हे कथागीत आपल्या पोवाड्याशी निकटचे आहे. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीच्या काळात या प्रकाराला बहर आला. एकपानी पत्रकांवर छापून ही गीते बाजारात विकली जात आणि गवई ती गाऊन दाखवीत. विसेन्ते मेंदोसा यांनी १९३९ व १९५४ च्या ग्रंथांतून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. टेक्सास विद्यापीठातील आमेरिको पारेदेस यांनी १९५८ मध्ये ग्रेगोरिओ कोर्तेस याच्यावरील कोर्रिदोचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. या कोर्रिदोमागील घटना भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. १९०१ मध्ये टेक्सासमध्ये एका शेरीफने कोर्तेसला चौकशीत 'घोडा' घेतला काय असे दुभाष्यामार्फत विचारले. कोर्तेसने घेतली होती ती घोडी; स्पॅनिशमध्ये या दोहोंसाठी अगदी भिन्न शब्द असल्याने त्याने नकार दिला. त्याच्या उत्तरांचा अर्थ दुभाष्याने चुकीचा सांगितला, गोळीबार झाला आणि त्यात शेरीफ मारला गेला. एका शब्दाच्या अनर्थातून एक वीरगीत जन्मास आले.

या गीतात वारंवार येणारा साचा 'म्हणत असे' या अर्थाचे क्रियापद आणि त्यापुढे विशेषनाम असा आहे. स्पॅनिशमधील 'देसिआ' हे रूप रीतिभूताचे आहे, आणि आधुनिक व्याकरणाच्या दृष्टीने आपले 'म्हणे'ही तेच आहे. साचा एकच, परंतु त्या साच्यात बसणारे नाव कवीचे नाही, वीराचे आहे. 'कोर्तेस म्हणे' असे कोर्रिदो सांगतो; रचनाकार बहुधा अनामिक राहतो. अखेरीस 'देस्पेदिदा' म्हणजे निरोपाचे कडवे येते. तेथे गाणारा क्वचित स्वतःचा उल्लेख करतो, परंतु श्रोत्यांचा निरोप घेणे हा त्याचा हेतू असतो. आपली सही ठेवणे हा नव्हे.

नभोवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांच्या युगात मेक्सिकोत रचनाकार नावानिशी पुढे आला. १९३० मध्ये मेक्सिको शहरात सुरू झालेल्या 'एक्स-ई-डब्ल्यू' केंद्रावरून आगुस्तिन लारा स्वतःची बोलेरो-गीते पियानोवर सादर करू लागला. त्यानंतरच्या पिढीतील होसे आल्फ्रेदो हिमेनेस (१९२६–१९७३) हा तेथील रांचेरा-गीताचा सर्वांत लोकप्रिय कवी-गायक होय. त्याला स्वरलेखन येत नव्हते. तो चाल गाऊन दाखवी आणि रुबेन फुएन्तेस यांच्यासारखे संगीतज्ञ ती वाद्यवृंदासाठी बांधीत. त्याच्या गीतांत कवीचे नाव नाही. सर्वत्र 'मी' आहे. 'एल रेय', म्हणजे 'राजा', या त्याच्या गाजलेल्या गीतातील 'मी' निर्धन आहे, एकाकी आहे, तरीही स्वतःला राजा म्हणवितो. हे गीत विसेन्ते फेर्नांदेस याने गाइले, तेव्हा तो राजा फेर्नांदेस झाला. उत्सवात कोणी सामान्य मनुष्य गातो, तेव्हा राजा तो होतो. सर्वनामाची ही किमया आहे. श्रोत्याला रचनेत शिरण्याची वाट मोकळी मिळते, परंतु कवी त्याच वाटेने बाहेर पडतो. मग त्याचे नाव टिकविण्याचे काम तबकडीवरील चिठ्ठीला, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या रचनाकारांच्या संस्थेला आणि न्यायालयाला करावे लागते. हुआन गाब्रिएल (१९५०–२०१६) याने आपल्याच गीतांच्या हक्कांवरील वादामुळे १९८६ ते १९९४ या काळात नव्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले नाही. गीतात नाव नसलेल्या कवीला कागदावरच्या नावासाठी किती मोल द्यावे लागते, हे यावरून दिसते.

५

या पार्श्वभूमीवर वामनदादा कर्डक यांच्या रचनेचा विचार अधिक फलदायी होतो. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या आणि मुंबईत गिरणीकामगार म्हणून राबलेल्या वामनदादांना अक्षरओळख झाली ती प्रौढपणी. १९४३ पासून त्यांनी गीतरचनेस आरंभ केला. हिमेनेसला स्वर लिहिता येत नव्हते. वामनदादांनी अक्षरे उशिरा मिळविली. दोघांचेही गुरुकुल म्हणजे कान. या कानाची परीक्षा पाहावयाची तर त्यांच्या १९७७ च्या संग्रहाचे शीर्षकच पुरेसे आहे. 'हे गीत वामनाचे' हे तीन शब्द म्हणजे आनंदकंद वृत्ताचा बिनचूक अर्धा चरण होय : गागाल गालगागा. त्यात 'वामनाचे' मधील 'म' लघु म्हणून पूर्ण उच्चारावा लागतो. शीर्षकातही मुद्रा आहे, ती षष्ठी विभक्तीत आहे आणि ती वृत्तात आहे. पिंगळाची परिभाषा न शिकता हे साधणारी प्रतिभा 'केवळ प्रचारक' या शब्दाने निकालात काढता येत नाही.

'वामन' या नावाची घडण 'तुकड्या'हून वेगळी आहे. ते विभक्तीप्रमाणे बदलते : वामन, वामना, वामनाचे, वामनाला. त्यामुळे ही मुद्रा एका ठरावीक साच्यात बसत नाही. कधी ती कर्ता होते, कधी संबोधन होते, कधी गीताची मालकी सांगते. उर्दू गझलेच्या अखेरच्या शेरातील तखल्लुसाची रीत आणि अभंगातील मुद्रेची रीत या दोन्ही प्रवाहांचे पाणी येथे मिळाले आहे. भीमगीतांच्या गायनात कव्वालीचा ढंग रुजला, त्यामुळे पहिल्या प्रवाहाचे साहचर्य स्वाभाविकच होते.

परंतु खरा प्रश्न रूपाचा नसून प्रतिष्ठेचा आहे. वामनदादांनी स्वतःला 'वामन्या' म्हटले नाही. संतपरंपरेतील लघुनामाचा विनय त्यांनी स्वीकारला नाही, याचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्या समाजाला गावगाड्याने शतकानुशतके 'धोंड्या', 'राम्या' अशाच हाका मारिल्या, त्या समाजातील कवीला लघुनाम हे विनयाचे भूषण वाटणे शक्य नव्हते. ते दुसऱ्याने लादलेले ओझे होते. चौदाव्या शतकात 'चोखा म्हणे' असे म्हणणाऱ्या कवीला पर्याय नव्हता. विसाव्या शतकातील वामनाला होता, आणि त्याने पूर्ण नाव निवडले. तुकडोजी महाराजांचे 'तुकड्या' आणि वामनदादांचे 'वामन' ही दोन्ही नावे लोकशिक्षणाच्या सेवेतच वापरली गेली. तथापि ज्याला आदर सहज मिळतो तो लघुत्व पत्करू शकतो, आणि ज्याला तो नाकारला गेला त्याला आधी पूर्ण नावाने उभे राहावे लागते. एका प्रत्ययाच्या असण्या-नसण्यात समाजाचा एवढा इतिहास सामावलेला आहे.

भीमगीतात आणखी एक योजना दिसते. कोर्रिदोत वीराचे नाव असते, कवीचे नसते. अभंगात कवीचे नाव असते आणि ते आराध्यासमोर नम्र असते. भीमगीताच्या अखेरच्या कडव्यात भीमाचे आणि वामनाचे अशी दोन नावे एकमेकांसमोर येतात. त्यांतील नाते भक्त आणि देव असे नाही; ते ऋणाचे आणि उत्तरदायित्वाचे आहे. वामनदादांच्या सरस रचनांत वामन हा भीमाची स्तुती करून थांबत नाही. भीमाच्या मागे आपण काय केले, हा जाब तो स्वतःसकट सर्वांना विचारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर ज्या समाजाने देवतांची पूजा सोडली, त्या समाजाच्या गीताला भक्तिगीताचा साचा जसाच्या तसा चालणार नव्हता. मुद्रेचे हे परिवर्तन त्या वैचारिक परिवर्तनाचा भाषिक पुरावा होय. अर्थात सामान्य रचनांत 'वामन' हे नाव केवळ मात्रा भरून काढण्यासाठीही येते, हे मान्य केलेच पाहिजे.

६

नाममुद्रेवर इतका भर देण्यास एक आक्षेप संभवतो. मुद्रा खोटीही असू शकते. 'तुका म्हणे' असे कोणीही जोडू शकतो. 'नामा' या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींच्या रचना एकत्र झाल्या आहेत. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मध्ये उत्तर भारतीय भक्तिकाव्याच्या संदर्भात असे मांडले की मुद्रा ही लेखकत्वाची नोंद असण्यापेक्षा अधिकाराची खूण असते. हा आक्षेप ग्राह्य आहे. पण त्याने प्रस्तुत विवेचनाला बाध येत नाही. मुद्रेवरून कर्तृत्व निःसंशय सिद्ध होते, असा येथे दावा नाही. मुद्रेमुळे गाणारा समुदाय कोणाच्या वचनाला साक्ष देतो हे कळते, एवढेच म्हणावयाचे आहे. खोटी मुद्रासुद्धा हेच सांगते की त्या नावाला साक्षीदार होते.

अधिक गंभीर धोका दुसराच आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. पुढे कॅसेटवर वेळ वाढला, तरी कडवी गाळण्याची सवय राहिली. गाळले जाते ते बहुधा उत्तरार्धातील कडवे, आणि नाव असते तेही तेथेच. वेष्टनावर गायकाचे नाव ठळक येते; रचनाकार 'पारंपरिक' होतो. छापील गीतपुस्तिकांतही एका कवीच्या मुद्रेचे कडवे वगळून गीत फिरते. भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रणातील गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला संरक्षण मिळाले. परंतु कायदा कागदावरील नाव ओळखतो. ज्या कवी-गायकांनी स्वतःचे नाव फक्त गीतातच ठेवले, त्यांच्या बाबतीत अखेरचे कडवे गळणे म्हणजे कर्तृत्वाचा एकमेव दस्तऐवज नष्ट होणे होय.

७

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, 'मी' आणि नाममुद्रा या लोकगेय रचनेतील दोन भिन्न भाषिक व्यवस्था आहेत. पहिली श्रोत्याला कवीच्या जागी बसविते. दुसरी श्रोत्याला कवीचा साक्षी करते. त्यांपैकी एकीला श्रेष्ठ ठरविण्याचे कारण नाही; परंतु पहिलीचे निकष लावून दुसरीला 'आत्माविष्काराचा अभाव' असा दोष देणे सर्वथा चुकीचे आहे. दुसरा असा की, मुद्रेचे रूप, विभक्ती, प्रत्यय आणि उच्चार हे सर्व सामाजिक अर्थाचे वाहक आहेत. त्यांचा अभ्यास आशयाच्या अभ्यासाहून वेगळा करता येत नाही. तिसरा निष्कर्ष संकलनाच्या पद्धतीविषयी आहे. विदर्भातील खंजिरी भजने, खडी गंमत, दंडार आणि भीमगीते यांचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने गीत अखेरच्या कडव्यासह नोंदवावे, मुद्रेचा पाठ जसा ऐकला तसाच लिहावा, गाणाऱ्याने नाव बदलले वा गाळले असल्यास तेही नमूद करावे आणि चालीचे मूळ टिपून ठेवावे. प्रमाणलेखनाच्या आग्रहापायी 'तुक्‌ड्या'चा उच्चार किंवा 'वामना' ही हाक सुधारून घेण्याचा मोह टाळला पाहिजे.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ पासून तुकडोजी महाराजांचे नाव आहे. नामांतराच्या समयी अर्थातच आदरार्थी रूप स्वीकारले गेले. एखाद्या विद्यापीठाने कवी-गायकाचे नाव धारण करावे, ही घटना विरळ आहे, आणि तिच्यातून एक कर्तव्यही निष्पन्न होते. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जमणाऱ्या जनसमुदायात, आणि मोझरीच्या गुरुकुंजात पुण्यतिथीला होणाऱ्या भजनांत, मुद्रांकित रचना आजही जिवंत कंठांतून ऐकू येतात. त्या रचनांचे पाठ सिद्ध करण्यासाठी लागणारी साधने आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असतात. उणीव आहे ती अखेरच्या कडव्यापर्यंत थांबून ऐकण्याच्या शिस्तीची.